पिवळी पूड, बारा कुप्या

साल १९१२. कारेल फ्रेडरिक वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाच्या तपासणीच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही आणि तुमचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. या प्रवासाची अट तेवढीच, पण पुढे ती तुम्हाला चांगलीच जाचणार आहे.

समोरच्या खुर्चीत एक डच व्यापारी बसलाय. त्याची नाडी बेताल आहे. दुखणं जिवावरचं नाही, पण त्यावर आपल्याकडे इलाजही नाही, असं वेंकेबाख त्याला समजावताहेत. व्यापाऱ्याला ते पटत नाही. हिशेबात शिस्त पाळणाऱ्या माणसाला छातीतली बेशिस्त खपत नाही. हे जमत नसेल तर हृदयाचे तज्ज्ञ हवेतच कशाला, असं तो तोंडावर विचारतो आणि उद्या सकाळी नाडी ताळ्यावर आणून दाखवतो म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो खरंच येतो. वेंकेबाख मनगट धरतात. ठोके एकसारखे. रात्री त्याने काय केलं? क्विनाइन घेतलं. हिवतापाच्या मुलखात हिंडताना ते घ्यायची सवय जडली होती, आणि ते घेतलं की छातीतली धडधड ओसरते हे त्याच्या लक्षात आलं होतं.

वेंकेबाख हसण्यावारी नेत नाहीत, ही त्यांची थोरवी. १९१४ साली ते हे छापतात. १९१८ साली वॉल्टर फ्रे नावाचे डॉक्टर सिंकोनाच्या सालीतली द्रव्यं एकेक करून तपासतात आणि त्यातलं क्विनिडीन नाडीवर सगळ्यात जास्त चालतं असं दाखवतात. पुढे कित्येक दशकं ते हृदयाचं औषध म्हणून वापरात राहतं.

ही गोष्ट गाठीशी बांधा. हिवतापाचं औषध रक्तातल्या जंतूवर चालतं तसं हृदयाच्या विजेवरही चालतं. हृदयाच्या पेशीत सोडियम शिरतं तेव्हा ठोक्याची ठिणगी पडते. पोटॅशियम बाहेर पडतं तेव्हा पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. क्विनाइनच्या कुळातली औषधं या दोन्ही दारांवर हात ठेवतात. हात हलका असेल तर बेताल नाडी सुधारते, जड पडला तर ठोकाच उमटत नाही.

आता एल्बरफेल्ड, १९३४. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरसाग यांनी एक नवं संयुग बनवलंय, नाव रेझोकिन. तुम्ही उगाच उत्साहाने पुढे झुकू नका, कारण इथे कुणी टाळ्या वाजवत नाहीये. माणसासाठी हे फार विषारी आहे असं ठरवून ते बाजूला ठेवलं जातं. जवळजवळ दहा वर्षं ते तसंच पडून राहतं. मग महायुद्ध येतं, जावा बेट जपान्यांच्या हाती जातं आणि सिंकोनाची साल मिळेनाशी होते. अमेरिकेत हजारो संयुगं चाळली जातात, तेव्हा याच रेझोकिनचं पुन्हा मोजमाप होतं. बेताने दिलं तर हे गुणी औषध आहे, असा निकाल लागतो. त्याचं नवं नाव क्लोरोक्विन. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यापासून शाळेच्या कपाटापर्यंत पोचलेली, जिभेवर ठेवली की तोंड वाकडं करणारी हिवतापाची ती गोळी हीच. एल्बरफेल्डचे लोक घाईने बोलले खरे, पण अगदीच चुकीचं बोलले नव्हते. नेमून दिलेल्या मात्रेत हे औषध कोट्यवधी लोकांनी पचवलं. मात्रा ओलांडली की ते जी घाई करतं तशी फार थोडी विषं करतात.

आबिजान, १९८० च्या सुमाराला चला. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचं हे बंदर, दमट हवेचं, खाडीच्या काठचं. इथे हिवताप घरोघरी आणि क्लोरोक्विन बाजारात. विद्यापीठाच्या मोठ्या इस्पितळात बोंदुरां आणि त्यांचे सहकारी गोळ्यांच्या विषबाधेचे रुग्ण बघताहेत. बहुतेकांची कथा एकसारखी आहे. गोळ्या पोटात गेल्यावर तास-दोन तास माणूस बोलतो-चालतो, मग डोळ्यांपुढे अंधारी, कानात आवाज, एकदम झटके, आणि झटक्यांच्या पाठोपाठ हृदय बंद. पण काही रुग्ण या कथेत बसत नाहीत. त्यांनी क्लोरोक्विनसोबत डायझेपामही घेतलेलं असतं. तेच डायझेपाम जे झोप आणि घबराटीसाठी देतात, ज्याचं व्हॅलियम हे नाव तुमच्या कानावर आहे. दोन औषधं पोटात गेली म्हणजे दुप्पट धोका, असं कुणीही म्हणेल. इथे मात्र हे दोन्ही घेतलेले रुग्ण गाढ झोपलेले सापडतात आणि त्यांचं हृदय त्या मानाने शाबूत असतं.

वैद्यकात अशा गोष्टी पुष्कळ दिसतात आणि बहुतेक योगायोग निघतात. ही तशी म्हणून सोडून दिली नाही, एवढंच त्यांचं मोठेपण. पुढची गोष्ट फ्रान्समध्ये घडली.

पॅरिस, १९८३. गार दु नॉर स्टेशनच्या मागच्या अंगाला फोबूर सां-दनी हा लांबलचक रस्ता आहे. त्यावर फेर्नां-विदाल इस्पितळ. शहराचं विषबाधा केंद्र इथेच आणि विषबाधेच्या रुग्णांसाठी वेगळा अतिदक्षता विभागही इथेच. आसपासच्या गल्ल्यांमधून तमिळ पाट्या नुकत्या दिसू लागल्यात. श्रीलंकेतून जीव वाचवून आलेले लोक इथे दुकानं थाटताहेत. पण तुम्हाला इस्पितळात जायचं नाही अजून. त्याच्या अलीकडच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर जायचंय.

फ्रान्समध्ये अशा वेळी रुग्णवाहिकेतून डॉक्टरच घरी येतो. हा डॉक्टर तिशीचाही नाही. जमिनीवर पडलेला माणूस साठ किलोंचा असेल. (हा माणूस मी रचलेला आहे, त्याच्यासारखे त्या काळात पॅरिसमध्ये बरेच आले. त्याने गोळ्या किती आणि कशासाठी घेतल्या हे तुम्हाला कळायची गरज नाही. त्याला वाचवायचं आहे, एवढं पुरे.) दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला तर वरचा आकडा ऐंशी. इसीजीची पट्टी बाहेर येते. तुम्ही जवळ जाऊन बघा. बारीक चौकटींचा गुलाबी कागद, एक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. निरोगी माणसाच्या ठोक्याचा टोकदार सुळका अडीच चौकटींच्या आत संपतो. इथे तो साडेतीन-चार चौकटी पसरलाय आणि शेंड्याला बोथट झालाय. सोडियमची दारं बंद होताहेत, त्याची ही खूण.

माणसाला एक झटका येऊन गेलाय. श्वासनलिकेत नळी घालायलाच हवी, नाहीतर पुढच्या झटक्यात श्वास अडेल. त्यासाठी भूल द्यावी लागेल. डॉक्टर पेटी उघडतो आणि एक बाटली काढतो. आत फिकट पिवळी पूड. पाणी सोडून तो ती हलवतो, लसणासारखा किंचित वास येतो. थायोपेंटल. पुण्या-मुंबईच्या शस्त्रक्रियागृहांत तेव्हा सगळे ज्याला पेंटोथॉल म्हणत तेच. याने मिनिटाच्या आत माणूस निजतो, झटके थांबतात, नळी सहज जाते. त्याला शिकवलंय तसंच तो वागतोय, आणि तुम्ही त्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

पण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. १९९६ साली याच शहरातले डॉक्टर पाच वर्षांतल्या १६७ क्लोरोक्विन रुग्णांचा हिशेब मांडतील. त्यातल्या २५ जणांचं हृदय बंद पडलं होतं, आणि त्यांतल्या सात जणांचं थायोपेंटल टोचल्याबरोबर. कारण फार अवघड नाही. थायोपेंटल हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी करतं आणि शिरा सैल सोडतं. निरोगी माणसाचं शरीर नाडी वाढवून तेवढं भरून काढतं. क्लोरोक्विनने आधीच हेच दोन्ही केलेलं असतं. भरून काढायला काही उरलेलंच नसतं.

तुम्ही ओरडता, थांबा, आधी अ‍ॅड्रेनलिन लावा. कुणाला ऐकू जात नाही. सुई दंडात जाते. पिवळसर द्राव शिरेत सरकतो. माणूस शांत होतो, नळी जाते, आणि पडद्यावरची रेघ आधी रुंद, मग वेडीवाकडी, मग सपाट होते. डॉक्टर छातीवर दाब द्यायला लागतो. खूप वेळ देतो.

तिथून निघा. त्याच वर्षी, विदालच्या वॉर्डात दुसरा एक रुग्ण वाट पाहतोय. हाही रचलेलाच, पण याच्या रक्ताचा अहवाल तुमच्या ओळखीचा होणं आवश्यक आहे, कारण या विषबाधेतला सगळा गुंता त्यातल्या एका आकड्यात आहे. पोटॅशियम: २.०. ते साडेतीनच्या खाली गेलं की डॉक्टर भुवई वर करतात. दोन म्हणजे हृदय कुठल्याही क्षणी भलतीकडे धावेल.

निवासी डॉक्टरला हे बघवत नाही. पोटॅशियम कमी तर पोटॅशियम भरा, हे साधं गणित. सलाइनच्या बाटलीत तो ते भरायला सांगतो, आणि भरपूर. इथे जरा थांबून विचार करा, हे पोटॅशियम गेलं कुठे? लघवीवाटे गेलेलं नाही, उलटीवाटे फारसं नाही. क्लोरोक्विनने पेशीतून पोटॅशियम बाहेर पडायची दारं अडवली आहेत, म्हणून ते रक्तातून पेशींत जाऊन अडकलंय. शरीरात ते जवळपास तेवढंच आहे, फक्त रक्तात नाही. काही तासांनी क्लोरोक्विन रक्तातून ऊतींमध्ये पसरतं, दारं उघडतात, आणि अडकलेलं सगळं पोटॅशियम बाहेर येतं. वर बाटलीतून भरलेलं असतंच. आता आकडा सातच्या पुढे, आणि जास्त पोटॅशियमही हृदय थांबवतंच. सकाळी कमी होतं म्हणून जीव जात होता, संध्याकाळी जास्त झालं म्हणून जातो.

अजून आहे. रुंद झालेला सुळका अरुंद करायला दुसऱ्या काही विषबाधांमध्ये सोडियम बायकार्बोनेट देतात आणि ते छान चालतं. इथे ते दिलं की रक्त अल्कधर्मी होतं आणि उरलंसुरलं पोटॅशियमही पेशीत ढकललं जातं. अ‍ॅड्रेनलिनशिवाय रक्तदाब टिकत नाही, पण अ‍ॅड्रेनलिनही पोटॅशियम पेशीत ढकलतं. बेताल ठोके आवरायला त्या काळात हाताशी असलेलं क्विनिडीन किंवा प्रोकेनामाइड द्यावं, तर ती क्लोरोक्विनसारखीच सोडियमची दारं अडवणारी. वेंकेबाखच्या व्यापाऱ्याला ज्याने तारलं त्याचंच भावंड इथे मारेकऱ्याला जाऊन मिळतं. रुग्णाला ओकायला लावावं म्हटलं तर ओकताना झटका आला की उलटी फुप्फुसात. डायलिसिस करावं तर क्लोरोक्विन रक्तात थांबतच नाही. ते ऊतींमध्ये इतकं मुरतं की महिन्यानंतरही अंश सापडतो. यंत्राने रक्त कितीही गाळलं तरी हाती काय लागणार?

पुढे १९८७ च्या सुमाराला फ्लुमाझेनिल नावाचं नवं औषध येईल. डायझेपामची गुंगी ते मिनिटभरात उतरवतं. झोपलेल्या माणसाला जागं करायचा मोह कुणालाही होईल. पण ज्याने डायझेपामसोबत झटके आणणारंही काही घेतलंय त्याला ते दिलं, तर गुंगीबरोबर संरक्षणही उतरतं आणि झटके सुरू होतात.

तेव्हा हा उताऱ्याचा शोध नाहीच, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. क्लोरोक्विनला नेमका उतारा आजही नाही. प्रश्न असा, की आधीच एक औषध भरलेल्या शरीरात दुसरं औषध घालताना ते पहिल्याशी कसं वागेल. आणीबाणीच्या पेटीतली निम्मी औषधं इथे पहिल्याच्या बाजूने लढतात.

१९८६-८७. तोच वॉर्ड. शांताल बिस्म्यू, फ्रेदेरिक बो आणि तरुण ब्रूनो रिऊ या डॉक्टरांनी आबिजानची नोंद बाजूला ठेवलेली नाही. उंदरांवर आधी काम झालंय. डुकरांवरही प्रयोग झालेत, त्यांत डायझेपाम मिळालेल्या जनावरांचं हृदय जास्त तग धरतं. आता माणसाची पाळी.

साठ किलोंचा आणखी एक रुग्ण. पण क्रम वेगळा आहे, तो नीट बघा. रक्तदाब कोसळायची वाट न पाहता अ‍ॅड्रेनलिन सुरू झालंय, दर किलोला दर मिनिटाला पाव मायक्रोग्रॅम, म्हणजे या माणसाला मिनिटाला पंधरा. रक्तदाबाचा वरचा आकडा शंभराच्या वर जाईपर्यंत ते वाढवत नेतात. श्वासनलिकेत नळी आहे आणि श्वास यंत्र देतंय. हे दोन्ही आधी का, ते पुढच्या गोष्टीवरून कळेल.

नर्स ट्रेमध्ये डायझेपामच्या कुप्या मांडते आहे. एका कुपीत दोन मिलिलिटर, दहा मिलिग्रॅम. झटका थांबवायला मोठ्या माणसाला एक कुपी देतात, फार तर दोन. ती तिसरी फोडते. चौथी. काचेची मान बोटाने कट्कन मोडायची, सुई घालायची, द्राव ओढायचा, रिकामी कुपी बाजूला. सातवी. आठवी. द्राव पिवळसर आणि तेलकट. पाण्यात विरघळत नाही म्हणून तो प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला असतो. बेतानं पातळ केला नाही तर सलाइनमध्ये दुधासारखा गढूळ होतो, त्यामुळे ती सावकाश करते. बारावी फोडते आणि थांबते. बारा कुप्या, १२० मिलिग्रॅम. किलोला दोन मिलिग्रॅम, अर्ध्या तासात शिरेतून. आणि हे संपल्यावर दिवसाला किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम, दोन ते चार दिवस.

एरवी या मात्रेचा कागद औषधविक्रेत्याकडे गेला असता तर त्याने डॉक्टरला फोन करून आकडा बरोबर आहे ना, असं विचारलं असतं. या मात्रेने श्वास मंदावतो, थांबूही शकतो. म्हणून यंत्र आधी. या मात्रेने रक्तदाब आणखी पडू शकतो. म्हणून अ‍ॅड्रेनलिन आधी. तीन गोष्टी एकमेकांना धरून उभ्या आहेत, आणि त्यातली एक काढली तर उरलेल्या दोन कामाला येत नाहीत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी अक्कल डायझेपाममध्ये नाही, या क्रमात आहे. मात्र श्रेय बारा कुप्यांना मिळालं. डोळ्यांत भरायला त्या होत्याच.

पोटॅशियम? आकडा २.१. या वेळी कुणी बाटली भरायला धावत नाही. थोडं थोडं देतात, पुन्हा पुन्हा रक्त तपासतात आणि वाट पाहतात. न करणं हे वैद्यकातलं सगळ्यात अवघड काम आहे. रुग्णाचे नातेवाईक दारात उभे असताना तर विचारूच नका.

मध्यरात्रीनंतर इसीजीचा कागद पुन्हा बाहेर येतो. सुळका तीन चौकटी. पहाटे अडीच चौकटी.

७ जानेवारी १९८८ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे काम छापून येतं. गंभीर विषबाधेचे अकरा रुग्ण या पद्धतीने उपचारले, दहा वाचले. आधीच्या काळातले तेवढ्याच गंभीर अकरा रुग्ण तुलनेला घेतले, त्यातला एक वाचला होता. आकडे इतके ठळक आहेत की वाचणाऱ्याला खुर्चीत सरळ बसावं लागतं. जगभरच्या विषबाधेच्या पुस्तकांत ही पद्धत शिरते ती कायमची.

तुम्ही इथे थांबलात तर गोष्ट छान संपेल. पण १९९६ पर्यंत या, कारण हेच पॅरिसवाले आपल्याच निष्कर्षाला नख लावून बघतात. मध्यम गंभीर रुग्णांचे दोन गट करतात. एकाला डायझेपाम, दुसऱ्याला नुसता निरुपद्रवी द्राव. फरक दिसत नाही. म्हणजे डायझेपाम फुकट? तसंही नाही, या चाचणीतली मात्रा कमी होती आणि रुग्ण तितके गंभीर नव्हते. शिवाय १९८८ च्या अकरा जणांना तीनही गोष्टी एकत्र मिळाल्या होत्या, तेव्हा कुणी किती वाचवलं हे वेगळं काढता येत नाही. डायझेपाम हृदयात नेमकं काय करतं याचे तीन-चार तर्क आहेत, सिद्ध एकही नाही. एक वर्ष आधी, १९९५ साली, १९१ रुग्णांच्या अभ्यासातून पोटॅशियमचं मात्र पक्कं झालं: विषबाधा जितकी गंभीर तितकं ते खाली. पोटॅशियमची घसरण हे विषाचं मोजमाप आहे, निव्वळ तूट नाही, ही समज तिथून रुळली. आणि १६७ रुग्णांच्या त्या पाच वर्षांच्या हिशेबात मृत्यू निघाले शंभरात आठ-नऊ. एके काळी गंभीर विषबाधेत दगावणारेच जास्त असायचे.

आता घराकडे. मुंबई, मार्चचा शेवट, २०२०. टाळेबंदी लागलीय. औषधाच्या दुकानासमोर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत लोक उभे आहेत. तुमच्या पुढच्या वर्तुळातल्या बाईंना संधिवात आहे. त्या वर्षानुवर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतात. क्लोरोक्विनचंच हे भावंड, जरा सौम्य, पण मात्रा ओलांडली तर वागणूक तीच. दुकानदार मान हलवतो. माल संपला. समुद्रापलीकडून कुणा पुढाऱ्याने गोळीचं कौतुक केलं, आपल्याकडे आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना ती घ्यायला सांगितली, आणि ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांनी घरात साठा केला. २६ मार्चला केंद्र सरकारने तिची विक्री एच-१ यादीत टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची. नायजेरियात त्याच महिन्यात क्लोरोक्विनच्या विषबाधेचे रुग्ण इस्पितळात पोचले होते.

आणि इथे आपली जुनी ओळख पुन्हा भेटते. कोविडच्या त्या दिवसांत या गोळीसोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यायची रीत पडली. दोन्ही औषधं ठोक्यानंतरची हृदयाची विश्रांती लांबवतात. एकेकटी बहुतेकांना सोसते, पण जोडी जमली आणि पोटॅशियम आधीच कमी असलं तर नाडी भरकटू शकते. २४ एप्रिलला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, १५ जूनला आपत्कालीन परवानगीही काढून घेतली. हा धोका काही कोविडने आणला नव्हता. १९१२ साली एका व्यापाऱ्याच्या मनगटावर तो मोजता आला होता, फक्त तेव्हा तो गुण म्हणून दिसला.

प्रवास इथे संपतो आणि तुम्ही आपल्या घरात, औषधाच्या डब्यापाशी उभे आहात. आता तुमचा आवाज ऐकू जातो, तेव्हा त्याचा उपयोग करा. संधिवात, ल्युपस किंवा हिवतापासाठी या गोळ्या घरात असतील तर डबा कुलपात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा; रांगत्या-चालत्या वयाच्या मुलाला एक-दोन गोळ्याही घातक ठरू शकतात. कुणी जास्त घेतल्याचं कळलं तर माणूस बोलतोय, हसतोय म्हणून घरी थांबू नका, तो पहिला तास फसवा असतो. मीठ-पाणी पाजून ओकायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, रिकाम्याही, पिशवीत भरून सोबत न्या. तो माणूस रक्तदाबाची, झोपेची, आणखी कसली गोळी घेतो तेही न लपवता सांगा. लाजेपोटी एक नाव गाळलंत तर डॉक्टर अंधारात दुसरं औषध टोचेल. आणि स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.